सुंद्रा कासारीण बेटावर गेली ती गोष्ट

आज राजाबिजा कुणी नाही हं. मला आज राजाचा कंटाळा आलाय. आज आहे एक कासारीण. आणि हुंकार द्यायचा सगळ्यांनी. ज्याचा हुंकार थांबला तो झोपला असं मी धरणार, आणि झोपलेल्याला मी गोष्ट सांगत नाही.

तर एका नदीकाठी एक कासारीण राहायची. कासारीण म्हणजे बायकांच्या हातांत बांगड्या भरणारी, बरं का. तिचं नाव सुंद्रा. घरात तिची सासू आणि तिची मुलगी. नवरा लांबलांबच्या बाजारांतून बांगड्या आणायचा, तो घरी कमी आणि वाटेवर जास्त. मुलीचं नाव बकुळ.

या बकुळीचं काय होतं, ती वाढतच नव्हती. वय सात, पण दिसायची दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षी शिवलेला परकर सातव्या वर्षीही पायांत यायचा. हुशार होती. सगळं बघायची, सगळं ऐकायची, बोलायची कमी. आणि जेवायची नाही. घास पुढे आला की ओठ गच्च. सुंद्रा चिऊचा घास करायची, काऊचा करायची, अंगणात नेऊन गाय दाखवायची. गाय बघून व्हायची, पण घास हातातच. वैद्याने काढे दिले, गावाने सल्ले दिले. सल्ले जरा जास्तच दिले.

दर अमावस्येला सुंद्रा तिला दाराच्या चौकटीला उभी करायची आणि डोक्याशी कोळशाने रेघ ओढायची. पाच वर्षं रेघ एकाच जागी. ओढून ओढून बोटभर जाड झाली, वर काही सरकेना. सुंद्राला साडी नको होती, सोनं नको होतं. माझी पोर वाढू दे, एवढंच ती रात्रंदिवस म्हणायची. पण घरी म्हणून काय होतंय?

आता त्याच नदीच्या मुखाशी, जिथे गोडं पाणी नि खारं पाणी एक होतं, तिथे एक बेट होतं. बेटावर एक गाव, बोलवाडी. तिथे ना बैलगाडी, ना बाजार. घरं नारळाच्या झावळ्यांची, अंगणं शेणाने सारवलेली, आणि दारोदारी काथ्या कुटण्याचा आवाज. वर्षातून एकदा तिथल्या बायका बांगड्या भरायच्या. एवढी वर्षं सुंद्राची सासू जायची. त्या वर्षी सासूच्या गुडघ्याने संप केला.

"तू जा," सासू म्हणाली. "सकाळच्या पाण्याने जा, संध्याकाळच्या पाण्याने ये. आणि त्या गावात तोंड सांभाळ हो."

"म्हणजे काय, आत्याबाई?"

"म्हणजे तोंड सांभाळ. ते गाव भलतं आहे." एवढं बोलून सासूने गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

सुंद्राने आपला अर्थ लावला. नवं गाव, मानाची माणसं. वेडंवाकडं बोलू नये, अशुभ बोलू नये, असंच ना? मग काय, तशी ती गुणाचीच होती. तिने पेटारा भरला आणि बकुळीला कडेवर घेतलं. आईशिवाय दुसऱ्याच्या हातचं पोर पाणीसुद्धा प्यायची नाही, मग तिला ठेवणार कुणाकडे?

न्यायला बेटावरचाच झिलू तांडेल होडी घेऊन आला होता. तोंडात पान, बोलणं मोजकं. सुंद्रा काठावरून म्हणाली, "येते हं आत्याबाई."

झिलू म्हणाला, "येते काय? जातेयस ना?"

"जाते म्हणू नये, तांडेलदादा."

"आमच्याकडे जे असतं तेच म्हणतात," झिलू म्हणाला. मग वल्हं मारता मारता त्याने विचारलं, "सासूनं गावचं सगळं सांगितलंय ना?"

"सांगितलंय. तोंड सांभाळ म्हणाल्या."

"मग झालं," झिलू म्हणाला आणि पान चघळायला लागला. आता मला सांगा, यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. माणसं अशीच अर्धं बोलतात आणि पूर्ण समजतात.

होडी चालली. दोन्ही काठांना तिवरांची झाडी, मध्ये पाणी ताकासारखं गढूळ. एका वळणावर बगळे बसले होते, दुसऱ्या वळणावर मासेवाल्यांची जाळी वाळत होती, तिसऱ्या वळणावर काठच संपला आणि समोर बेट दिसलं. बकुळ होडीच्या कडेवर हनुवटी टेकून सगळं बघत होती. सुंद्राने तिच्यापुढे गुळपोळीचा तुकडा धरला. ओठ गच्च.

बेटावर पाय ठेवला तर बायका घ्यायलाच आलेल्या. सगळ्यांत पुढे पारूमावशी. पारूमावशी म्हणजे गावची मोठी. दात तीन, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कोंबडी उठावी. तिने सुंद्राच्या हातात एक नारळ दिला. देवीचं देऊळ काठावरच होतं.

"पाहुण्यांचा मान," पारूमावशी म्हणाली. "घे, फोड."

सुंद्राच्या अंगावर काटाच आला. देवीसमोर फोड म्हणायचं? ही कसली माणसं! पण तोंड सांभाळायचं होतं ना. तिने नारळ कपाळाला लावला, डोळे मिटले आणि गोड आवाजात म्हणाली, "आई, तुझ्या पायाशी नारळ वाढवते गं."

आणि मग काय! नारळ वाढला. हातातल्या हातात भोपळ्याएवढा झाला. हात मागे घेतेय तोवर रांजणाएवढा झाला. सुंद्रा उडी मारून बाजूला झाली, तेव्हा तो गोठ्याएवढा होऊन देवळाला टेकून थांबला. आतलं पाणी डुबुक डुबुक वाजत होतं.

सुंद्राची बोबडी वळली. पण बेटावरच्या बायका बघा, एकीनेही किंचाळी फोडली नाही. त्या एकमेकींकडे बघून माना हलवत होत्या.

"सगळ्या गावाला खोबरं दिलं हो," एक म्हणाली.

"मन मोठं आहे कासारणीचं," दुसरी म्हणाली. "नाहीतर कोण घालवतं असा!"

घालवतं म्हणजे काय घालवतं, ते सुंद्राला कळेना. पण नव्या गावात पहिल्याच पावली काय विचारायचं? देवीचा चमत्कार असेल, असं म्हणून तिने हात जोडले. विचारलं असतं तर? तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही मला दुसरी सांगायला लावली असती.

मग पारूमावशीच्या अंगणात पेटारा उघडला. हिरव्या, लाल, राजवर्खी, सगळ्या बांगड्यांच्या माळा पसरल्या. बायका एकेक करून हात पुढे करायला लागल्या. सुंद्राचा हात फार हलका. बोटं चेपून, तळवा दुमडून, बांगडी कधी मनगटात गेली ते कळायचं नाही. बकुळ शेजारी बसून माळा मोजत होती.

मग एक नवी नवरी आली. हात जाळी ओढून ओढून लाकडासारखा झालेला. बांगडी निम्म्यावर आली आणि टिच्.

आता तुमच्या आईच्या हातातली बांगडी टिचली की ती काय म्हणते? फुटली म्हणते का? नाही म्हणत. आणि सुंद्रा तर कासारणीची सून. नवरीच्या हातातली बांगडी टिचली तर जीभ हासडली तरी ती "फुटली" म्हणायची नाही. ती पटकन म्हणाली, "वाढवली हो बाई!"

बांगडी नवरीच्या हातातून निसटली. ताटाएवढी झाली. परातीएवढी झाली. गाडीच्या चाकाएवढी झाली आणि अंगणभर घरंगळत जाऊन तुळशीवृंदावनात अडकली. नवरी आत पळाली. आणि बायका जोरजोरात हसायला लागल्या.

"सासूसारखीच गं, हुबेहूब सासूसारखी!"

"सासूबाईंनी काय केलं?" सुंद्राने विचारलं. आता तिला घाम फुटला होता.

पारूमावशीने तिला हाताला धरून परसात नेलं. तिथे विहिरीला काठ होता तो एका हिरव्या बांगडीचा. गोठ्याला कुंपण होतं ते दुसऱ्या बांगडीचं. आणि तिसरीत पाच पोरं एकदम झोके घेत होती.

"तुझी सासू नवी नवरी होती तेव्हा पहिल्यांदा आली," पारूमावशी म्हणाली. "घटकाभरात तीन बांगड्या फोडल्या, तिन्ही वेळा तेच बोलली आणि भुताचं गाव म्हणून पळाली ती होडीत जाऊन बसली. तेव्हापासून दर वर्षी होडीत बसूनच बांगड्या भरते. आम्ही समजवायला गेलो की कानात बोटं घालते. तिनं तुला सांगितलं नाही?"

"तोंड सांभाळ म्हणाल्या."

"अगं बाई!" पारूमावशी मटकन खालीच बसली. "आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे."

मग तिने सांगितलं. फार पूर्वी इथे बेट नव्हतंच. नदीत गाळाचा एक ढीग होता, सुपाएवढा. एका वादळात एक परदेशी बाई वाहत आली आणि त्या ढिगाला धरून राहिली. पाणी चढायला लागलं. ती ढिगाला म्हणाली, "वाढ रे बाबा, वाढ." आणि ढीग वाढला, त्याचंच हे बेट झालं. तेव्हापासून पाहुणा इथे हा एक शब्द बोलला की बेट तो ऐकतं. ज्याला वाढ म्हणावं ते वाढतं. पण एका पाहुण्याचं जन्मात तीनदाच. चौथ्यांदा नाही.

"आणि तुमचं?" सुंद्राने विचारलं.

"आमचं नाही ऐकत. घरच्या माणसाचं कुठे कोण ऐकतं? पण पाहुण्यांच्या तोंडून चुकून जाऊ नये म्हणून आम्हीही रोजच्या बोलण्यात तो शब्द आणत नाही. आम्ही नारळ फोडतो, बांगडी फुटते म्हणतो आणि ताटात भात घालतो. लोक म्हणतात, बोलवाडीची माणसं फटकळ. म्हणू देत."

सुंद्राने बोटं मोजली. नारळ गेला, बांगडी गेली. एक राहिला. तिने वळून बकुळीकडे बघितलं आणि तिला रडूच फुटलं. पाच वर्षं जे मागत होती ते इथे नुसतं बोलायचं होतं, आणि दोनदा बोलून ते नारळावर नि बांगडीवर घालवलं होतं.

"रडायला काय झालं? एक आहे ना अजून!" बायका म्हणाल्या. सगळ्या गोळा झाल्या. "पण घाई करू नको हो. नुसतं वाढ म्हणालीस तर थांबणार कुठे? मागे एका पाहुण्याने दुधीला म्हटलं, तो छप्पर फोडून गेला."

"सात वर्षांची दिसेल एवढी, असं म्हण."

"पायापासून डोक्यापर्यंत, असंही म्हण. नाहीतर नुसतं नाकच व्हायचं."

खूप वेळ वाद झाला. शेवटी एक वाक्य ठरलं. सुंद्राने ते मनातल्या मनात घोकलं, ओठ न हलवता. हातपाय धुवायचे, बकुळीला देवीपुढे उभी करायची आणि मग बोलायचं. तेवढ्यात नदीवरून झिलूची हाक आली, "भरतीचं पाणी लागलं होऽ! आटपा!"

सुंद्रा लगबगीने पेटाऱ्याकडे गेली. माळा गोळा करायला वाकली. आणि रोज संध्याकाळी, लग्न झाल्यापासून रोज, जे बोलायची ते बोलून गेली.

"आलेच हं, एवढं दुकान वाढवते."

बोलली आणि तिने तोंडावर हात मारला. पण गेलं ते गेलं. पेटाऱ्यातून माळा बाहेर यायला लागल्या. एकीच्या दहा, दहाच्या शंभर. अंगण भरलं, ओटी भरली, बायका गुडघ्यापर्यंत बांगड्यांत बुडाल्या. चहूकडे किणकिण किणकिण, आणि मधोमध सुंद्रा दगडासारखी उभी.

कुणी हसलं नाही आता.

मग ती नवी नवरी दाराआडून म्हणाली, "पण पोरही पाहुणीच आहे ना? तिचे तीन आहेत की!"

खरंच की! सगळ्या बकुळीभोवती जमल्या. "बकुळे, मी वाढू दे, असं म्हण बघू." "म्हण गं माझी राणी." "तुला खाऊ देते, म्हण." "शहाणी ना तू?" सुंद्रा तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "म्हण ना गं बाळा. एकदाच."

बकुळीने सगळ्यांकडे बघितलं. पंचवीस बायका, पंचवीस तोंडं, सगळी तिच्यावर वाकलेली. आणि तिने ओठ मिटले. घास पुढे आल्यावर मिटायची तसेच, गच्च. जितकं जास्त म्हणावं तितके जास्त गच्च. तुमच्यातही एक आहे असं, नाव मी घेत नाही.

शेवटी सुंद्रा उठली. तिने डोळे पुसले. "राहू दे," ती म्हणाली. "नका कुणी तिला काही म्हणू. मीही आता म्हणायची नाही. आहे तशी माझीच आहे." असं म्हणून तिने बकुळीला उचलून ओटीवर बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि आपण पडवीत पाय धुवायला गेली.

झिलू पुन्हा ओरडला. पण बोलवाडीची एक रीत होती. पाहुण्याला उपाशी पोटी पाण्यात घालायचं नाही. पारूमावशीने बांगड्या पायाने बाजूला सारल्या, पाट मांडला, केळीचं पान टाकलं. वाफाळलेला भात घातला, वर खेकड्यांचं लालभडक कालवण घातलं. सुंद्राच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. ती खाली मान घालून जेवायला लागली.

तिने चिऊचा घास केला नाही. काऊचा केला नाही. बकुळीकडे वळूनही बघितलं नाही. दुसऱ्या कुणीही बघितलं नाही, सगळ्या बांगड्या आवरत होत्या. ओटीवर बकुळ एकटी. कालवणाचा वास घमघमत होता. आई जेवत होती आणि कुणी तिच्यापुढे काही धरत नव्हतं. असं तिच्या जन्मात कधी झालं नव्हतं.

बकुळ ओटीवरून घसरत खाली आली. आईच्या समोर येऊन बसली. आणि म्हणाली,

"आई, मला वाढ."

सुंद्राचा घास हातातच राहिला. भूक लागली म्हणून पोर आपणहून मागतेय, याचंच तिला आधी रडू आलं. तिने पानावर भात घातला. बकुळीने तो खाल्ला. आणि परकर घोट्यावरून पोटरीवर आला.

बेटाला काय, जेवायला वाढ की अंगाला वाढ, कुठे कळतंय? त्याने शब्द ऐकला.

"अजून वाढ," बकुळ म्हणाली. दुसऱ्या भाताला परकर गुडघ्यावर आला. पारूमावशीने हातातल्या माळा टाकल्या. "कुणी बोलू नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कुणी म्हणजे कुणी बोलू नका."

"कालवण पण वाढ." तिसऱ्या भाताला बकुळीचे पाय लांब झाले, मान उंच झाली, गाल वर आले. आणि मनगटं भरली. तान्हेपणी आईने घातलेल्या दोन-दोन काळ्या बांगड्या होत्या तिच्या हातांत, कासारणीची पोर ती, हात मोकळे कसे असतील? त्या आवळल्या, ताणल्या, आणि टिच्, टिच्, टिच्, टिच्, चारही जमिनीवर पडल्या.

सुंद्रा ताडकन उठली. उष्ट्या हातानेच तिने पोरीला छातीशी धरलं. पूर्वी कडेवर मावायची ती आता कमरेच्याही वर पोचत होती. आणि ती कासारणीची सून, कासाराची बायको, जन्मात जो शब्द तोंडात आणला नाही तो बेटभर ऐकू जाईल असा ओरडली.

"फुटल्या! अहो मावशी, माझ्या बकुळीच्या बांगड्या फुटल्या!"

पंचवीस बायका रडल्या आणि हसल्या. नवरीने तर ओरडा ऐकून आलेल्या सासऱ्यासमोरच उडी मारली. बकुळ चौथ्यांदाही "वाढ" म्हणाली, पण बेटाचं देणं संपलं होतं. नुसता भात मिळाला. तो तिने खाल्ला.

मग होडीत मावतील तेवढ्या बांगड्या घेतल्या, उरलेल्या गावाला दिल्या. त्या गोठ्याएवढ्या नारळाच्या वड्या मात्र गावाला वर्षभर पुरल्या म्हणतात. संध्याकाळच्या पाण्याने दोघी घरी पोचल्या. सासू गुडघा धरून दारातच बसली होती.

"ही कुणाची पोर आणलीस गं?" सासूने विचारलं. "आणि आपली कुठे आहे?"

"आजी, मला भूक लागली," ती पोर म्हणाली.

मग सासूला ओळख पटली. गुडघ्याचं विसरून ती उठली आणि चुलीकडे धावली. पुढे बकुळ मोठी झाली, पोटभर जेवली, ती सुखात राहिली, तिची आई सुखात राहिली, आणि सासूचा गुडघा होता तसाच राहिला.

संपली. आता पाणी नको, शू नको, "मग पुढे काय झालं" तर मुळीच नको. बकुळ झोपली, पारूमावशी झोपली, झिलू तांडेल होडीतच झोपला. तुम्ही राहिलात. वळा बघू कुशीवर.